वळणाच्या आधी दाबायचा खटका

लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं की हे यंत्र शर्यतीच्या मैदानासाठी आहे, रहदारीच्या रस्त्यासाठी नाही. ते वाक्य मी मोठ्यानं वाचलं आणि मराठीत सांगितलं. दादा म्हणाला, “ते सोड. फुडचं वाच.” मी पुढचं वाचलं.

पूर्णेला स्टेशनच्या रस्त्यावर एका गॅरेजसमोर, तेलानं काळ्या पडलेल्या बाकड्यावर रुमाल अंथरून मी अवघडून बसले होते. हातात एक जुनं परदेशी मासिक होतं. माझ्या थोरल्या भावानं ते हैदराबादेहून गाडीसोबतच आणलं होतं. गाडी म्हणजे दोन माणसांची, लाल, टप मागे पडणारी बुटकी स्पोर्ट्स कार. कुण्या जहागीरदाराच्या नातवानं हौसेनं वापरून, मग बरीच वर्षं कोंबड्यांसोबत ठेवून, शेवटी विकलेली. सीटच्या शिवणीत कोंबड्यांची पिसं मला पुढे कित्येक महिने सापडत होती. आमच्याकडे ट्रॅक्टर होता, जीप होती. पण असं जमिनीला पोट लावून चालणारं वाहन चुडावा, ताडकळस, पूर्णा या टापूत कुणी पाहिलेलं नव्हतं. ती गाडी थांबली की माणसं गोळा होत आणि दादा त्यांच्याकडे बघत नसल्यासारखं करी.

मी हैदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये वसतिगृहात राहून शिकलेली. घरात माझ्या इंग्रजीचा उपयोग औषधाच्या बाटलीवरचं वाचायला आणि पाहुण्यांसमोर “बोलून दाखव” म्हणायला, एवढाच. पाहुण्यांसमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. गॅरेजात मात्र ऐकणारा एकच म्हातारा मिस्त्री होता, तोही गाडीखाली आडवा पडलेला, त्यामुळं मला बोलता आलं.

“बेटी, जरा आहिस्ता,” तो खालून म्हणायचा. “हमकू समझे ऐसा बोलो.”

मी समजेल असं बोलले. इंजिनातून धूर घेऊन येणारी नळी सायलेन्सरला मिळण्याआधी कापायची. तिथं दुसरी एक आखूड नळी जोडायची, दोन फाटे दिसतील अशी. आखूड नळीच्या तोंडात लोखंडी चकती बसवायची. चकती आडवी असली की धूर सायलेन्सरमधून जातो आणि गाडी माणसासारखी बोलते. चकती फिरली की धूर सरळ बाहेर पडतो आणि आवाजाला धरबंध राहत नाही. चकती फिरवायला विजेची मोटर, मोटरीला बॅटरीवरून तार, आणि चालवणाऱ्याच्या हाताशी खटका.

मिस्त्रीनं ट्रकच्या वायपरची मोटर काढली. चकती त्यानं नांगराच्या फाळाच्या तुकड्यातून घासून केली. खटका घरातल्या दिव्याचाच, पांढऱ्या चिनीमातीचा, डॅशबोर्डखाली स्क्रूनं बसवला. तीन दिवस लागले. तिन्ही दिवस मी तिथं होते, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडत होतं. मी वाचलेलं वाक्य दुसऱ्या दिवशी लोखंडाचं होऊन समोर येई. एके ठिकाणी लिहिलं होतं, पायाखालची सगळी भोकं बुजवा, नाहीतर धूर आत येतो. मी ते दोनदा वाचलं. दादा म्हणाला, “टप उघडीच तर हाय, कुठं कोंडनार धूर?” भोकं तशीच राहिली.

पहिल्यांदा खटका वर केला तेव्हा मोटर घुरघुरली. काहीच झालं नाही. तीन-चार सेकंदांनी चकती फिरली आणि गॅरेजच्या पत्र्यावरची कबुतरं एकदम उडाली. समोरच्या हॉटेलातल्या माणसानं हातातली बशी सोडली. पोटात कुणीतरी बुक्की मारावी तसा तो आवाज होता, मधूनच फटाफट फुटणारा. दादा इतका हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तोंडात पानाचा तोबरा, हनुवटीवर लाल ओघळ. त्यानं माझ्या ओढणीचं टोक ओढून हनुवटी पुसली. मीही हसत होते, ते मला पक्कं आठवतं.

त्याच सुमारास मला नोकरी लागलेली होती. पूर्णेत इंग्रजी माध्यमाची एक लहान शाळा निघाली होती, पत्र्याच्या तीन खोल्यांची. पहिलीच्या वर्गाला शिकवायला कुणी मिळत नव्हतं. मी अर्ज केला तो घरात न विचारता. आयुष्यात मी न विचारता केलेली ती पहिली गोष्ट. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. अण्णांनी दोन दिवस अबोला धरला आणि मग अट घातली. “दादानं सोडायचं, दादानंच आनायचं. बसला लोंबकळत जायचं न्हाई, रेल्वेनं तर न्हाईच. गाडीनं जमलं तर शाळा, न्हाई जमलं तर घर. आन स्थळ आलं की बंद.”

मी लगेच हो म्हणाले. पाहुण्यांसमोर गप्प होणारी मी, पण सहा वर्षांच्या पंचवीस मुलांसमोर गेले की माझा आवाज मलाच ओळखू येत नसे. मुलं बघत आणि मला लपावंसं वाटत नसे. एवढं एकच ठिकाण होतं. ते जाऊ द्यायचं नाही, यासाठी मी काहीही सोसायला तयार होते.

सोसायचं म्हणजे ती गाडी. धूर आत यायचाच. शाळेत पोचले की नाक शिंकरावं तर रुमालावर काळं यायचं. साडीच्या निऱ्यांना जळक्या तेलाचा वास, केसांना वास, डब्यातल्या पोळीलासुद्धा. मळमळायचं. मुलं म्हणायची, “टीचर, तुमचा वास ट्रकसारखा येतो.” मी ते सोसलं. रस्त्यातली माणसं वळून बघायची तेही सोसलं. डोक्यावरून पदर घेऊन मांडीतल्या पिशवीकडे बघत बसायचं, की झालं.

पण मान खाली घालून बसणाऱ्या माणसाला खटका अगदी डोळ्यांसमोर असतो. दादाचा हात तिकडे कधी जातो आणि कधी जात नाही, हे मला दिसायला लागलं.

घराच्या फाटकापाशी खटका खाली. अण्णांची पूजा चालू असते. मारुतीच्या देवळापाशी खाली. पूर्णेत शिरताना पोलीस चौकीच्या आधी खाली. रेल्वेच्या साहेबांच्या बंगल्यांसमोर खाली. ताडकळसला वहिनीचं माहेर, तिथं गेलो की गाडी मांजरासारखी फिरायची. मोकळ्या रस्त्यावरसुद्धा फारसा वर नाही, विहिरींवरच्या डिझेल इंजिनांचे आवाज तिथं असतातच, ऐकायला कोण आहे? वर व्हायचा तो एकाच जागी. गावातून निघालं की नाल्याच्या पलीकडे रस्ता वळतो, आणि वळणाला लागून बौद्धवाडा. तिथं.

मला सुरुवातीला वाटलं, सहज होत असेल. पण सहज होण्यासारखं ते यंत्रच नव्हतं. चकतीला फिरायला तीन-चार सेकंद लागत. वाड्यासमोर आवाज हवा असेल तर खटका नाल्याच्या आधीच दाबावा लागे. नाल्याच्या अलीकडे एक बाभूळ होती. बाभूळ आली की दादाचा डावा हात स्टिअरिंगवरून खाली यायचा. रोज. बोलत असला तर बोलणं न थांबवता.

एकदा मी विचारलं, “इथंच का?”

“इथं रस्ता चांगला हाय.”

रस्ता तिथं सगळ्यात वाईट होता. नाल्याच्या पाण्यानं खडी वर आलेली.

“लोक दचकतात, दादा.”

“मंग? दचकले तर काय करनार हायत?” असं म्हणून तो हसला, वाईट हेतू नसलेल्या माणसासारखा. मुलांना खाऊ आणणारा, आईचे पाय चेपणारा माझा भाऊ. त्याचे दात पानानं लाल होते आणि हिरड्यांवर कात चिकटलेला होता. मी तोंड फिरवलं. त्या दिवसापासून त्याच्या ताटाशेजारी बसून जेवणं मला जमेना. काहीतरी निमित्त काढून मी मागून जेवायला लागले.

शाळेत घंटा वाजवायला, मुलांना पाणी द्यायला एक मावशी होत्या. त्या आमच्याच गावच्या, त्याच वाड्यातल्या. चुडाव्यापर्यंत चालत जाऊन पॅसेंजरनं पूर्णेला यायच्या, माझ्या आधी पोचायच्या. मला “टीचरबाई” म्हणायच्या. एका गावच्या असूनही आम्ही गावाविषयी कधी बोलत नव्हतो. मी लाजाळू होते हे खरं, पण सगळंच काही लाजेमुळं नव्हतं.

दिवाळीनंतर त्या दोन दिवस आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या तेव्हा हातापायांवर बारीक बारीक कापलेलं होतं, ज्वारीच्या पात्यानं कापतं तसं. मी विचारलं, काय झालं?

“सासू सापडंना व्हती. ज्वारीत जाऊन बसली.”

“कशाला?”

“आवाज झाला की जाती. नातीला उचलती आन जाती. आता नात म्हनं नऊ वर्साची, उचलंना गेली तिला, तर एकटीच गेली. रातभर बसली काकडत.”

विद्यापीठाच्या नावावरून पेटलं होतं त्या साली माझं वय वसतिगृहात बाहुल्या लपवण्याचं होतं. घरून पत्र आलं होतं, इकडे सगळं ठीक आहे, सुट्टीत येऊ नको. मावशी सांगत होत्या ते त्या सालचं. कोरड्या आवाजात, पेले विसळत. “तीन दिस आमी ज्वारीत काडले. ज्वारी बारकीच व्हती, निजून ऱ्हावं लागायचं. जीप येयली असं कळलं की पोरांच्या तोंडावर हात ठिवायचा. माजं मधलं लेकरू तापलेलं व्हतं. म्हातारीच्या मांडीवरच गेलं ते. तवापासून रस्त्यावरनं मोठा आवाज आला की तिला न्हाई सोसत.”

“कशाचा आवाज झाला?” मी विचारलं. का विचारलं, मला माहीत नाही. कदाचित त्यांनी दुसरं काही सांगावं म्हणून.

मावशींनी पेला पालथा घातला आणि माझ्याकडे पाहिलं. “गाडीचा,” एवढंच म्हणाल्या.

त्या संध्याकाळी मी अण्णांना सांगितलं. अण्णांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “म्हातारी मानसं फटाक्यालाबी भेतात. आन आपल्या घरापाशी तर वाजवत न्हाई ना तो?” आणि चष्मा लावून पेपर उघडला.

मग दादाशी बोलायचं राहिलं. आठ दिवस मी टाळलं, कारण अट मला पाठ होती. गाडीनं जमलं तर शाळा. रोज बाभूळ यायची, रोज मी म्हणायचे, उद्या. नवव्या दिवशी दादाच म्हणाला, “मॅडम, आज तुमी दाबा. तुमीच वाचून दाखवलं, तुमीच कधी वाजवलं न्हाई.”

“नको.”

“दाब की! भेतीस का?” त्यानं माझं मनगट धरून खटक्याकडे नेलं. त्याचा तळवा घामानं आणि ग्रीसनं चिकट होता. माझं बोट चिनीमातीला लागलं, आणि मला इतकी किळस आली की मी हात हिसडला आणि म्हणाले, “गाडी थांबव.”

“का?”

“थांबव. एक म्हातारी आहे तिथं. तुझ्या आवाजानं ती रानात पळते. तुला मजा वाटते ती हीच का?”

त्यानं गाडी थांबवली. पहिल्यांदा त्याला खरोखर कळलं नाही, मग कळलं, मग राग आला. “मला शिकवायलीस? आजपोतूर बसलीस ना गप? उतर मंग. चालत जा त्या म्हातारीला घेऊन.”

मी उतरले. तो खटका वर करूनच गेला.

त्या दिवशी मी हमरस्त्यापर्यंत चालत जाऊन बसनं पूर्णेला पोचले. साडीवर धूळ होती, पण केसांना वास नव्हता. मला बरं वाटत होतं. खोटं कशाला लिहू, चांगलंच बरं वाटत होतं. संध्याकाळी अण्णांनी एका वाक्यात शाळा बंद केली. मी रडले, पण वाद घातला नाही. योग्य तेच केलं आणि त्याची किंमतही मी मोजली, असं मी स्वतःला सांगत होते. आई मला जवळ घेऊन म्हणाली, “जाऊ दे माय, नाहीतरी किती दिवस?”

चार दिवसांनी राजीनामा द्यायला आणि वर्गाचं हजेरीपुस्तक पोचवायला जायचं होतं. एकटीला नको म्हणून आई बरोबर आली आणि आम्ही पॅसेंजरनं गेलो. आई मुख्याध्यापिकेच्या खोलीत टेकली. मी पाण्याच्या टाकीपाशी मावशींना गाठलं. त्यांना सांगावं असं वाटत होतं. काय सांगावं ते ठरलं नव्हतं. मी दादाच्या गाडीत यापुढे बसणार नाही, एवढं तरी.

ते सांगितलं. मावशींनी हातातली कळशी खाली ठेवली.

“तुमी बसत व्हत्या ते बरं व्हतं, टीचरबाई.”

मला कळलं नाही.

“तुमची शाळा म्हनून गाडी आठला यायची. येताना दोनला. एक मिनिट हिकडं न्हाई का तिकडं न्हाई. म्हातारी ज्वारीत बसली तवापासून आमी काय केलं, वाड्यातली समदी दळनं त्याच टायमाला काडायची. गिरनीवाला आठच्या आत इंजिन चालू करतो, पुन्यांदा दोनच्या आत. माजी पोर म्हातारीला घेऊन गिरनीत बसती, दळनाच्या डब्यापाशी. आत इतका कालवा, भाईरचं काई आयकू येत न्हाई. म्हातारीला वाटतं, पिठाला बसलोय. वाड्यात कुनी मधी दळन नेत न्हाई का सांजच्याला नेत न्हाई. आठला आन दोनलाच.” त्यांनी टाकीचा नळ बंद केला. “आता कवाबी यायलाय. परवा चारला आला. काल सकाळी दोनदा. इंजिन दिसभर कोन चालू ठिवनार? म्हातारी काल कॅनालच्या पान्यात गावली. कमरेएवढ्या.”

त्यांच्या आवाजात माझ्यावर राग नव्हता. गाड्यांच्या वेळापत्रकात बदल झाल्यावर माणसं बोलतात तशा त्या बोलत होत्या. मी योग्य ते केलं होतं म्हणून चार दिवस मनातल्या मनात स्वतःचं कौतुक करत होते. तेवढ्याच दिवसांत एक म्हातारी दिवसभर कान लावून बसली होती.

राजीनाम्याचं पाकीट मी दिलं नाही. मुख्याध्यापिकेला म्हणाले, ताप होता, उद्यापासून येते. आई बघत राहिली. निघताना मावशींना सांगितलं, उद्यापासून पुन्हा आठला आणि दोनला.

घरी आल्यावर मी अण्णांच्या पायांशी बसले. माझं चुकलं म्हणाले. दादासोबतच जाईन, तो म्हणेल तसं. अण्णांना बरं वाटलं, त्यांनी डोक्यावर हात ठेवला. दादा ओसरीवर पान लावत होता. त्याला हे फार गोड लागलं. “आली का अकल?” तो म्हणाला. “चार दिवसांत हाऊस फिटली का म्हातारीची?”

“फिटली,” मी म्हणाले.

“उद्या पावनेआठला तयार ऱ्हा.”

दुसऱ्या दिवशी मी गाडीत बसले. सीटवर तोच जळका वास, पायाखालून तोच धूर. दादा खुशीत होता, वहिनीनं केलेल्या कशाविषयी तरी बोलत होता. गावाबाहेर पडलो. मी पदराखालून घड्याळ पाहिलं. आठला पाच कमी होते. बाभूळ दिसायला लागली होती आणि रस्त्याच्या कडेनं एक मुलगी एका म्हातारीचा हात धरून गिरणीकडे चालली होती, अगदी सावकाश, डोक्यावर दळणाचा डबा घेऊन.

दादाचा हात खाली आला.

“थांब,” मी म्हणाले. “आज मी दाबते.”

तो हसला, खूश होऊन हात काढून घेतला. मी खटक्यावर बोट ठेवलं आणि त्याला म्हणाले, “पण जरा हळू चालव. आठ वाजू दे.”